डोकं दुखतंय पोराचं, भांडण चाललंय मोठ्यांचं

मुलांची सारखी होणारी डोकेदुखी आणि त्यावर ऑस्टिओपॅथीसारखे हाताने करायचे उपचार, हा विषय निघाला की भांडण ठरलेलंच. एक आई सांगते की आमच्या मुलीला थोड्याच सेशनमध्ये फरक पडला, डॉक्टरांना वर्षभरात जमलं नाही ते यांनी करून दाखवलं. लगेच कोणीतरी म्हणतं हे सगळं स्यूडोसायन्स, म्हणजे विज्ञानाचं सोंग आहे आणि असल्या पालकांना समजावून उपयोग नाही. मग ती चिडते, तो आणखी चिडतो, आणि ज्याचं डोकं दुखतंय ते पोरगं राहतं बाजूला. मला हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो तीच चुकीची वाटते, म्हणून माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. नीट निदान झालंय, धोक्याचं लक्षण एकही नाही, अशा मुलाला बाकीच्या उपचारांच्या जोडीला हलक्या हाताची थेरपी द्यायला माझी हरकत नाही. पण ती पहिली पायरी असता कामा नये, मुलांच्या मानेला झटका देणं बंद व्हायला हवं, आणि "तुझ्या मानेचं हाड सरकलंय" हे जे मुलाला सांगितलं जातं ते तर ताबडतोब थांबलं पाहिजे. फरक पडतो की नाही पडत एवढ्यावरच भांडत बसल्यामुळे या तिन्ही गोष्टींकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आधी पालकांच्या बाजूने बोलते, कारण त्यांना मूर्ख ठरवणं फार सोपं झालंय. लहान मुलाची अर्धशिशी मोठ्यांसारखी दिसत नाही. नाव अर्धशिशी असलं तरी मुलांमध्ये बऱ्याचदा पूर्ण कपाळ दुखतं, दोन्ही बाजूंनी, आणि कधी कधी दोन तासांत सगळं संपतंही. उजेडाचा त्रास होतोय हे सहा वर्षांचं मूल शब्दांत सांगत नाही, ते गुपचूप अंधाऱ्या खोलीत जाऊन पालथं पडतं, उलटी करतं, झोपून जातं आणि उठल्यावर खेळायला पळतं. म्हणून मग घरातले म्हणतात नाटक आहे, शाळेत म्हणतात बहाणा आहे, डोळे तपासून झाले, सायनस म्हणून गोळ्या झाल्या, स्कॅन नॉर्मल आला आणि "काही नाहीये, टेन्शन आहे" असं सांगून घरी पाठवलं. काही नाहीये? महिन्यातले दहा-बारा दिवस पोरगं उशीत तोंड खुपसून पडतंय आणि काही नाहीये? अशा वेळी कोणी तासभर वेळ देऊन सगळं ऐकून घेत असेल तर माणूस तिकडे जाणारच. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आपण त्या मुलाला काय दिलं हे आधी विचारावं.

आणि औषधांच्या बाजूने छाती पुढे काढून बोलावं अशी परिस्थितीही नाहीये. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचे निकाल आले, ८ ते १७ वर्षांची साडेतीनशेच्या वर मुलं, मायग्रेन म्हणजे अर्धशिशी असलेली. काहींना अमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना नुसती साखरेची गोळी म्हणजे प्लासिबो, २४ आठवडे. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी व्हावेत हे ध्येय होतं. ते अमिट्रिप्टिलिनवाल्या ५२ टक्के मुलांनी गाठलं, टोपिरामेटवाल्या ५५ टक्के मुलांनी, आणि प्लासिबोवाल्या ६१ टक्के मुलांनी. पुढे नेण्यात अर्थ नाही म्हणून ट्रायल वेळेआधीच थांबवली. औषधांचे साइड इफेक्ट मात्र औषधवाल्या मुलांनाच जास्त झाले. आता सांगा, "आमच्याकडे पुरावा आहे, तुमच्याकडे नाही" हे वाक्य मुलांच्या मायग्रेनच्या रोजच्या गोळ्यांबद्दल कोणी कुठल्या तोंडाने बोलायचं?

पण हाच निकाल घेऊन जे लोक म्हणतात की बघा, ॲलोपॅथी फेल आहे, चला मानेवर उपचार करू, त्यांनी तो ६१ चा आकडा परत एकदा शांतपणे वाचावा. नियमित तपासणीला जाणं, रोज डायरी लिहिणं, कोणीतरी आपली काळजी घेतंय ही जाणीव आणि आता बरं वाटणार ही आशा, एवढ्यावर दर दहातल्या सहा मुलांची डोकेदुखी निम्म्यावर आली. म्हणजे तुम्ही त्या मुलांना काहीही केलं असतं तरी निम्म्याहून जास्त घरांतून "फरक पडला" हेच ऐकू आलं असतं. त्यात आपण थेरपिस्टकडे कधी जातो तर त्रास सगळ्यात वाढलेला असतो तेव्हा, परीक्षा डोक्यावर असते, झोपेचं वाट्टोळं झालेलं असतं. तिथून पुढे गाडी खालीच येणार, सुट्टी लागली की आणखी खाली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १२ वर्षांखालच्या मुलांच्या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके बसवायच्या उपचारांची चौकशी केली, २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. हजारो पालकांनी अनुभव कळवले, जवळपास सगळे खूश. पण त्याच चौकशीत उपचाराने फायदा होतो याचा पुरावा मात्र अगदी तुटपुंजा निघाला. ते पालक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. मूल बरं झालं हे त्यांनी पाहिलं होतं, कशामुळे बरं झालं हे कोणालाच नुसतं बघून कळत नाही, एवढंच.

आता हाताच्या उपचारांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो "स्यूडोसायन्स" म्हणून ओरडणारे सहसा वाचतच नाहीत. डेन्मार्कमध्ये ७ ते १४ वर्षांच्या १९९ मुलांवर नीट, खोट्या उपचाराशी तुलना करून कायरोप्रॅक्टिकची ट्रायल झाली, २०२१ मध्ये छापून आली. खऱ्या उपचाराच्या गटात डोकेदुखीचे दिवस साधारण १६ टक्क्यांनी कमी होते. दुखण्याची तीव्रता मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. हा निकाल मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, उगाच उडवून लावण्यासारखा तो नाहीये. पण त्याच्या शेजारी २०१० ची जर्मनीतली ट्रायल ठेवा, ७ ते १५ वर्षांची ५२ मुलं, डोकेदुखी मानेतूनच येते असा संशय असलेली, म्हणजे हाताच्या उपचाराचा फायदा कोणाला व्हायचा तर यांनाच, आणि खरा उपचार नि खोटा उपचार यात काही फरक निघाला नाही. मोठ्यांवरची नॉर्वेची ट्रायल त्याहून बोलकी आहे. तिथे मायग्रेनचे १०४ लोक तीन गटांत वाटले होते, खरं मॅनिप्युलेशन म्हणजे मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देणं, खोटं मॅनिप्युलेशन आणि नुसती नेहमीची औषधं. खरं आणि खोटं दोन्ही गटांत सुधारणा टिकली आणि औषधांचा गट मागे पडला. म्हणजे "हात लावल्याने बरं वाटतं" हे खरं, पण कुठल्या मणक्यावर कसा दाब दिला याने फारसं काही ठरत नाही. आणि एक गोष्ट, हे सगळे अभ्यास कायरोप्रॅक्टिक किंवा मॅन्युअल थेरपीचे आहेत, ऑस्टिओपॅथीने त्यातला एक चांगला निकाल उचलून आपल्या खात्यात जमा करायचा आणि बाकीचे दोन विसरायचे हे चालणार नाही.

मग मान दाबली की मूल "हो, इथेच दुखतं" म्हणतं त्याचं काय? हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, कारण तिथेच पालकांची खात्री पटते. मूल पाठीवर झोपलेलं असतं, थेरपिस्ट त्याच्या डोक्यामागे स्टुलावर बसतो, दोन्ही हातांची बोटं कवटी जिथे मानेला मिळते त्या खाचेत सरकवतो आणि नुसता डोक्याचा भार बोटांवर येऊ देतो, दोन-तीन मिनिटं काहीच बोलत नाही. तिथले स्नायू मायग्रेनच्या मुलात बऱ्याचदा खरोखर कडक असतात, दाबले की दुखतात, आणि सैल पडायला लागले की मूल मोठा श्वास सोडतं, हे समोर बसलेल्या आईला दिसतं. पण कडक असण्याचं कारण काय? चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या वेदना नेणारी नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मायग्रेन आत सुरू झालं की मान आखडते, कित्येकांना डोकं दुखायच्या आधीच आखडते. मान दुखते म्हणून डोकं दुखतं हा निष्कर्ष म्हणजे पाऊस पडायला लागल्यावर छत्र्या उघडतात ते बघून छत्र्यांमुळे पाऊस पडतो म्हणण्यासारखं आहे. मानेतूनच निघणारी डोकेदुखी असते, नाही असं नाही, पण मुलांत ती कमी, आणि मान दुखते एवढ्यावरून ती ठरवता येत नाही.

ऑस्टिओपॅथीचा जन्मच मुळात एका मुलाच्या डोकेदुखीपासून सांगितला जातो आणि तो किस्सा मला या सगळ्या वादाची गुरुकिल्ली वाटतो. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकन डॉक्टर, याने १८७४ मध्ये आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात कॉलेज काढलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तो दहाएक वर्षांचा असताना एकदा त्याचं डोकं दुखत होतं, दोन झाडांना बांधलेल्या नांगराच्या दोरीवर झोका घ्यावा तर डोकं साथ देईना, म्हणून त्याने दोरी जमिनीपासून आठ-दहा इंचांवर आणली, तिच्यावर चादरीचं टोक टाकलं, मान तिच्यावर ठेवून आडवा झाला, झोप लागली, उठला तेव्हा डोकं थांबलेलं. पुढे वर्षानुवर्षं तो हेच करत राहिला आणि मानेवरच्या दाबात त्याला त्याच्या सगळ्या शास्त्राचं बी दिसलं. पण नीट बघा त्या गोष्टीकडे. मुलगा झोपला. मुलांच्या मायग्रेनबद्दल कुठल्याही अनुभवी डॉक्टरला किंवा आजीला विचारा, झोप लागली की डोकं थांबतं हे ते सांगतील. दोरी मानेखाली होती म्हणून श्रेय दोरीला गेलं, झोपेकडे कोणी बघितलंच नाही. आज दीडशेहून जास्त वर्षांनंतर मूल शांत खोलीत, मंद उजेडात, मोबाइल बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास पडून राहतं आणि श्रेय कोणाला मिळतं?

स्टिलला मी हसत नाहीये. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळचं वैद्यक त्यांना वाचवू शकलं नाही. पाऱ्याचं कॅलोमेल पाजायचं, रक्त काढायचं, यालाच तेव्हा उपचार म्हणत. अशा औषधांवर विश्वास ठेवू नका असं तो म्हणाला त्यात तो बरोबर होता, आणि त्याच्याकडे गेलेला पेशंट निदान पाऱ्यापासून तरी वाचला. पण समोरचा चुकतोय हे बरोबर ओळखलं म्हणून आपण जे म्हणतोय तेही बरोबर ठरतं का? आजचा वाद नेमका याच सापळ्यात अडकलाय. डॉक्टरने वेळ दिला नाही ही तक्रार शंभर टक्के खरी असू शकते आणि तरीही हाड सरकण्याची गोष्ट खोटी असू शकते.

कवटीवरच्या उपचारांबद्दल तर मी जास्त कडक आहे. स्टिलच्याच कॉलेजातला विद्यार्थी विल्यम सदरलँड, त्याला १८९९ च्या सुमारास कवटीची सुटी हाडं बघून वाटलं की यांच्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या आहेत म्हणजे कवटी श्वास घेत असणार, आणि त्यातून क्रेनियल ऑस्टिओपॅथी निघाली. कवटीची सूक्ष्म लय बोटांना जाणवते असा दावा आहे. दोन प्रशिक्षित लोकांनी एकाच माणसाची ही लय मोजली तर त्यांचे आकडे जुळत नाहीत, हे तपासून झालंय. जी गोष्ट दोघांना वेगवेगळी जाणवते तिच्यावर उपचार नेमका कसला होतो? अशाच एका दाव्याची परीक्षा एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने घेतली होती, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी. स्पर्श न करता ऊर्जा जाणवते म्हणणारे २१ जण, त्यांना एका पडद्यातून हात बाहेर काढायला लावले आणि कुठल्या हातावर माझा हात आहे ते ओळखा म्हणाली. २८० वेळा विचारलं, १२३ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के, छापा-काटा करूनही याहून बरं जमलं असतं. हा निकाल १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. त्या २१ जणांनी कोणाला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांना खरंच काहीतरी जाणवत होतं. आपल्या बोटांना जाणवलं हा पुरावा होत नाही, एवढंच त्यातून कळतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की स्पर्शाची अशी परीक्षा घेता येत नाही, प्रत्येक मूल वेगळं असतं. सर्जरीवालेही एकेकाळी असंच म्हणू शकले असते. १९५० च्या दशकात छातीच्या दुखण्यावर छातीतली एक रक्तवाहिनी बांधून टाकायचं ऑपरेशन जोरात होतं, पेशंट बरे झाल्याचं स्वतः सांगत होते. १९५९ मध्ये १७ पेशंटांवर तपासून पाहिलं, काहींची रक्तवाहिनी खरंच बांधली, काहींना नुसता काप देऊन टाके घातले, आणि दोन्हींना सारखंच बरं वाटलं. ते ऑपरेशन बंद झालं. छाती उघडणाऱ्यांना ही परीक्षा देता आली तर मान दाबणाऱ्यांना का येऊ नये? डेन्मार्क आणि जर्मनीतल्या लोकांनी ती देऊन दाखवलीच की.

आता धोक्याबद्दल, आणि इथे विरोधकही अतिशयोक्ती करतात. हलक्या हाताने केलेल्या उपचारात सहसा थोडं अंग दुखतं, थकवा येतो, यापलीकडे काही होत नाही. मुलांमध्ये मणक्यांच्या मॅनिप्युलेशनने झालेल्या नुकसानीचा २००७ मध्ये एक मोठा आढावा घेतला गेला, सगळं जुनं साहित्य चाळून गंभीर केसेस ९ निघाल्या, त्यात मेंदूभोवती रक्तस्राव होता, लुळेपणा होता. संख्या लहान आहे, पण फायदा जेमतेम असताना मुलाच्या मानेला झटका देण्याचा तेवढाही धोका घ्यायचा कशासाठी? त्याच आढाव्यातली दुसरी संख्या मला जास्त अस्वस्थ करते. आणखी २० मुलं अशी होती की ज्यांचं खरं निदान लांबलं किंवा ज्यांना हा उपचार द्यायलाच नको होता. कोणाला मधुमेह होता, कोणाला कॅन्सर, कोणाला चक्क मेनिंजायटिस. हाताने गंभीर नुकसान झालेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त मुलं या दुसऱ्या यादीत होती.

वेळ कसा जातो ते बघा. मेंदूच्या मागच्या भागात गाठ असलेलं मूल डोकं एका बाजूला कलतं धरतं, मान आखडलेली असते. मानेवर काम करणाऱ्या माणसाला तिथे काय दिसणार? मान. किआरी म्हणून एक प्रकार असतो, त्यात लहान मेंदूचा खालचा भाग मानेच्या मणक्यात उतरलेला असतो, खोकलं, शिंकलं, जोर लावला की डोक्याच्या मागे कळ येते, पुन्हा जागा तीच, आणि तिथे झटका देणं म्हणजे विषाची परीक्षा. पहाटे डोकेदुखीने जाग येणं, सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, नव्याने आलेला तिरळेपणा, आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं, अगदी लहान वयात सुरू झालेली डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर आधी मुलांचा डॉक्टर, डोळ्याचा पडदा बघणं, गरज असेल तर एमआरआय. ब्रिटनमध्ये २०११ पासून हीच लक्षणं पालकांना आणि डॉक्टरांना सांगायची मोहीम चालवली, आणि मुलांच्या ब्रेन ट्यूमरच्या निदानाला आधी १४ आठवड्यांच्या वर लागायचे ते ७ आठवड्यांच्या खाली आले. लक्षात घ्या, तो उशीर नेहमीच्या डॉक्टरांकडेही होत होता. म्हणून हे बोट एकट्या ऑस्टिओपॅथकडे दाखवायचं नाहीये, पण उशिराची आणखी एक जागा कशाला तयार करायची?

आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मुलाच्या डोक्यात काय भरवलं जातं त्यावर. "तुझा पहिला मणका फिरलाय", "जन्माच्या वेळी तुझी कवटी दाबली गेली", हे मूल ऐकत असतं. मोठा माणूस ते महिनाभरात विसरेल, नऊ वर्षांचं मूल विसरत नाही. ते दप्तर उचलायला घाबरतं, कोलांटउडी मारत नाही, आणि डोकं दुखलं की त्याला वाटतं आपलं हाड पुन्हा सरकलं, आता कोणीतरी बसवून दिल्याशिवाय सुटका नाही. २०१३ मध्ये १० ते १७ वर्षांच्या, जुनाट मायग्रेन असलेल्या १३५ मुलांवर एक ट्रायल झाली, सगळ्यांना औषध तेच, पण निम्म्यांना जोडीला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी आणि निम्म्यांना नुसती माहिती. थेरपीवाल्या ६६ टक्के मुलांची डोकेदुखी निम्म्याने कमी झाली, माहितीवाल्यांत ३६ टक्के. त्या थेरपीत मुलाला शिकवतात काय तर अंग सैल सोडणं, श्वास, दुखत असताना काय करायचं, म्हणजे सूत्रं तुझ्या हातात आहेत हे. मणका सरकल्याची गोष्ट याच्या बरोबर उलटं शिकवते. आणि इथे डॉक्टरांनाही बोललं पाहिजे, कारण ही थेरपी किती जण सुचवतात, आणि सुचवली तरी मुलाला ती मिळते कुठे? ती जागा रिकामी ठेवायची आणि कोणी तिथे येऊन बसला की त्याला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

"प्लासिबो तर प्लासिबो, पोरगं बरं झालं ना?" हा प्रश्न राहतो आणि तो हलक्यात घ्यायला मी तयार नाही. मूल बरं होणं हीच मुख्य गोष्ट आहे. पण त्यातलं जे उपयोगी आहे, म्हणजे वेळ, विश्वासाने ऐकणं, शांत पडून राहणं, स्नायू सैल होणं, ते सगळं खोटी गोष्ट न सांगताही देता येतं. एखादा ऑस्टिओपॅथ जर म्हणाला की हाडबिड काही सरकलेलं नाही, मान आखडलीय ती मी सैल करतो, थोडा आराम पडेल, बाकीचं तुझी झोप, जेवणाच्या वेळा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ते चालू ठेव, तर माझं त्याच्याशी काहीच भांडण नाही. उपचार सुरू करायच्या आधी चार आठवडे डायरी लिहा, कुठल्या दिवशी दुखलं, किती वेळ, पेनकिलर घेतली का, शाळा बुडाली का. पेनकिलरची नोंद मुद्दाम ठेवा, कारण साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की तीच डोकेदुखी वाढवायला लागते, आणि तसं असेल तर मान कितीही दाबली तरी उपयोग नाही. मग सहा ते आठ आठवडे थेरपी, आणि किती दिवस कमी झाले तर चालू ठेवायचं हे सुरू करायच्या आधीच कागदावर लिहून ठेवायचं. नंतर ठरवायला बसलो की आपण नेहमी केलेल्या खर्चाच्या बाजूने कौल देतो.

नियमांचं म्हणाल तर फ्रान्सने २००७ मध्ये एक साधी गोष्ट केली. डॉक्टर नसलेल्या ऑस्टिओपॅथने सहा महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्याला, चेहऱ्याला किंवा मणक्याला हाताळायचं तर आधी डॉक्टरचं पत्र लागतं, की याला हे करायला हरकत नाही. सारख्या डोकेदुखीच्या मुलांसाठी असाच नियम का नसावा? वय काहीही असो, आधी एकदा नीट तपासणी, डोळ्याच्या पडद्यासकट, त्याचा कागद हातात, आणि मगच थेरपिस्टचं टेबल. ज्याला आपल्या कामाबद्दल खात्री आहे त्या थेरपिस्टला या कागदाची अडचण वाटायचं कारण नाही, आणि जो डॉक्टर असा कागद देताना पाच मिनिटांत पोराला बाहेर काढेल त्याने पालक दुसरीकडे जातात म्हणून तक्रार करू नये.